१९४०-५० च्या दशकांतल्या युद्धाच्या बातम्या कितपत खऱ्या मानायच्या?

त्या काळची वर्तमानपत्रं चाळताना युद्धाच्या आणि राजकीय हिंसाचाराच्या बातम्यांवर किती विसंबायचं, असं तुम्ही विचारलंय. काहीतरी घडलं, एवढ्यावर बहुधा विसंबता येतं. कोणी केलं आणि किती मेले, यावर मात्र लगेच विसंबू नका.

सगळ्यात आधी वाक्यातला कर्ता शोधा. ‘गोळीबार करण्यात आला’, ‘मृत्यू झाला’ अशा वाक्यांत तो नसतो, आणि पुष्कळदा तो सरकारी पत्रकातच गाळलेला असतो. ब्रिटिश राजवटीतल्या केनियातल्या होला या स्थानबद्धांच्या छावणीत ३ मार्च १९५९ रोजी सक्तीच्या कामाला नकार देणाऱ्या स्थानबद्धांना पहारेकऱ्यांनी बेदम मारलं. ११ जण मेले. दुसऱ्या दिवशीच्या सरकारी पत्रकात म्हटलं होतं, की पाण्याच्या गाडीतलं पाणी प्यायल्यानंतर हे मृत्यू झाले. बघा, ‘पाण्यामुळे’ असं कुठेच नाही. ‘नंतर’ या एका शब्दावर सगळं भागवलंय. मारहाणीमुळे मृत्यू झाले, हे पुढे चौकशीत उघड झालं. म्हणून ‘नंतर’ आणि ‘दरम्यान’ या शब्दांखाली मी पेन्सिलीने रेघ मारायला सांगेन.

लढाईला दिलेलं नावही तपासा. मलायातलं (आजच्या मलेशियातलं) ब्रिटिश राजवट आणि कम्युनिस्ट बंडखोर यांच्यातलं १९४८ ते १९६० चं युद्ध ‘आणीबाणी’ म्हणून छापलं गेलं. हे बंडखोर आधी ‘डाकू’ होते, १९५२ पासून सरकारी भाषेत ते ‘कम्युनिस्ट दहशतवादी’ झाले. माणसं तीच! कोरियातल्या युद्धाला ‘पोलिस कारवाई’ म्हणायचं का, असं जून १९५० मध्ये एका वार्ताहराने विचारलं आणि अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन हो म्हणाले. अल्जीरियातल्या फ्रेंच राजवटीविरुद्धच्या लढाईला ‘युद्ध’ म्हणायला फ्रान्सच्या कायद्याला १९९९ उजाडावं लागलं.

आकड्यांत सर्वांत कच्चा दुवा म्हणजे स्वतःच्या बाजूचं नुकसान. जून १९४२ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटाजवळ अमेरिकेशी झालेल्या लढाईत जपानच्या ४ विमानवाहू नौका बुडाल्या. जपानी लष्करी मुख्यालयाने एकच बुडाल्याचं जाहीर केलं. त्यामुळे एकाच लढाईची दोन्ही बाजूंची पत्रकं शेजारी ठेवून वाचावीत.

स्थळ आणि तारीख यांतही सेन्सॉरचा हात असे. बॉम्बहल्ल्यांच्या ब्रिटिश बातम्यांत हल शहराचं नाव येत नसे, ‘ईशान्य किनाऱ्यावरील एक शहर’ असं येई. लंडनवर जर्मनीचं पहिलं व्ही-२ रॉकेट ८ सप्टेंबर १९४४ ला पडलं, पण सरकारने ते कबूल केलं १० नोव्हेंबरला. तेव्हा टिपण करताना घटनेची आणि छपाईची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, आणि पुढच्या काही महिन्यांचे अंकही चाळा, त्यातही संसदेचे वृत्तान्त. होलावर ब्रिटिश संसदेत गाजलेली चर्चा झाली ती जुलैअखेर, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ पाच महिन्यांनी.