दोन्ही चाव्या घरात असताना कार चोरीला गेली. विम्याचे पैसे मिळतील का?

मिळतील, फक्त पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह (सर्वसमावेशक) किंवा ओन डॅमेजची (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची) हवी. नुसत्या थर्ड पार्टीत चोरीचं काहीच मिळत नाही. दोन्ही चाव्या तुमच्याकडे आहेत, ही मोठी जमेची बाजू. कंपनी दोन्ही मूळ चाव्या जमा करायला लावते. एक कमी भरली की 'चावी गाडीतच राहिली असणार' असा संशय येतो आणि क्लेम तिथेच अडतो.

आज आधी 112 ला फोन करा, मग पोलीस ठाण्यात जा. साध्या तक्रार अर्जावर समाधान मानू नका, एफआयआरच घ्या (चोरीचं कलम: भारतीय न्याय संहिता, 303(2)). हद्दीवरून टोलवलं तर झीरो एफआयआर (हद्द नसली तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा) मागा. सही करण्याआधी चॅसिस आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघा, कारण एक आकडा चुकला तरी पुढे दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात. विमा कंपनीला आजच ईमेल करा. एफआयआर वेळेत असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलंय. पण त्या भरवशावर राहून कोर्टाची पायरी कशाला चढायची? नावबदल आणि एनओसी थांबवण्यासाठी आरटीओला पत्र देऊन पोच घ्या.

फास्टॅग मात्र लगेच बंद करू नका. टोल कापल्याचा मेसेज आला, तर नाका आणि वेळ दोन्ही कळतात. तो मेसेज तसाच तपास अधिकाऱ्याला पाठवा. आसपासच्या पार्किंगमध्येही शोधा. जीपीएस आहे का हे पाहायला चोर गाडी एक-दोन दिवस जवळच कुठेतरी उभी करून ठेवतात.

गाडी सापडली नाही, तर पोलिसांचा 'अ' समरी अहवाल लागतो, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. याला काही महिने जातात. रक्कम पॉलिसीवर छापलेल्या आयडीव्हीइतकी (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), त्यातून सक्तीची वजावट जाते. कर्ज असेल तर पैसे आधी बँकेला जातात. तोवर हप्ते थकवू नका.

चावीशिवाय गाडी नेली कशी? एक तर घरातल्या चावीचा सिग्नल यंत्राने पकडून गाडीपर्यंत पोहोचवून (रिले करून). नाहीतर छोटी काच फोडून, स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीतले बिघाड तपासायचं सॉकेट) यंत्र जोडून नवी चावी प्रोग्राम करतात, आणि यात काही मिनिटंच लागतात. सिग्नल अडवणारं पाऊच फक्त पहिल्या प्रकाराला उपयोगी. त्याची परीक्षा सोपी: चावी पाऊचमध्ये घालून गाडीजवळ जा आणि हँडलचं बटण दाबा. दार उघडलं, तर पाऊच कुचकामी.

दुसऱ्या प्रकाराला जाड स्टिअरिंग लॉक आणि फ्युएल पंपाच्या रिलेवर (पंपाचा वीजपुरवठा चालू-बंद करणारा भाग) लपवलेला स्विच लावा. स्विच जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच बसवा, आणि वायर कापली तर वॉरंटी जाते का ते सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.