माझ्या 14 वर्षांच्या मुलाला मित्राने ‘डीमोले’त बोलावलंय. हा मेसन लोकांचा काही गुप्त प्रकार आहे का? हिंदू मुलाला घेतात का?

घेतात. डीमोले ही मुलांची संघटना आहे, फ्रीमेसन म्हणजेच मेसन या जुन्या बंधुत्व-संघटनेच्या पाठबळावर चालणारी. माझा मुलगा तीन वर्षं जातोय. देवावर श्रद्धा हवी ही अट आहे, पण तो देव कोणता हे कोणी विचारत नाही. वय 12 ते 21. घरात कोणी मेसन असावं लागत नाही (आमच्या सात पिढ्यांत कोणी नव्हतं), आणि पुढे मेसन व्हायलाच हवं असंही नाही.

गुप्ततेबद्दल मलाही धाकधूक होती. काळे झगे, ठरावीक हस्तांदोलन, परवलीचे शब्द हे सगळं ऐकून आमच्या सासूबाईंनी तर मुलाची दृष्टच काढली! पण संस्थेचा उगम कळल्यावर माझी भीती बरीच ओसरली.

गोष्ट अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीची. फ्रँक लँड नावाचा तरुण तिथल्या मेसन मंडळींचं मदतकार्य बघायचा. गरजू कुटुंबांना आधार द्यायचा, लोकांना कामधंदा मिळवून द्यायचा. लुई लोअर नावाच्या मुलाचे मेसन वडील वारले होते आणि त्याला शाळा सांभाळून करता येईल असं काम हवं होतं. लँडने त्याला काम दिलं. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की पोराला पगाराइतकीच वडीलधाऱ्या माणसाचीही गरज आहे. ‘तुझे मित्र घेऊन ये,’ तो म्हणाला. फेब्रुवारी 1919मध्ये लुईसकट नऊ मुलं जमली. त्यातून त्याच वर्षीच्या मार्चमध्ये संस्था उभी राहिली. लँडला सगळे ‘डॅड’ म्हणत. आजही मुलं सल्लागार पुरुषांना ‘डॅड अमुक’ अशीच हाक मारतात, आपण काका म्हणतो तसं.

नाव घेतलं ते जाक द मोले याच्यावरून. हा टेम्प्लर सरदारांचा, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती लढवय्यांच्या एका धार्मिक संघाचा, शेवटचा प्रमुख. फ्रान्सच्या राजाने 1307मध्ये त्याला पकडलं आणि 1314मध्ये पॅरिसला जिवंत जाळलं. त्याने सोबत्यांशी द्रोह केला नाही, हे मुलांना भावलं. खरा इतिहास एवढा सरळ नाही बरं का. मोलेने आधी धर्मद्रोहाच्या आरोपांचा कबुलीजबाब दिला होता, तो शेवटी फिरवला आणि म्हणून तो चितेवर गेला. मला विचाराल तर हा घाबरलेला आणि मग उभा राहिलेला मोलेच मुलांना जास्त जवळचा वाटेल. असो.

विधींची संहिता फ्रँक मार्शल या स्थानिक पत्रकाराने लिहिली. सभागृहाच्या मधोमध वेदी असते, तिच्यावर धर्मग्रंथ आणि शाळेची पुस्तकं, भोवती सात मेणबत्त्या: आईवडिलांवरचं प्रेम, पवित्र गोष्टींचा आदर, सौजन्य, सख्य, निष्ठा, शुद्धता, देशप्रेम. रात्री नऊ वाजले की चाललेलं काम थांबवून मुलं आईवडिलांसाठी प्रार्थना करतात. शुभंकरोतीला टाळाटाळ करणारा आमचा चिरंजीव तिथे मुकाट गुडघे टेकतो!

खरा फायदा मात्र कारभारात आहे. शाखेला एखादी मेसन संस्था पाठबळ देते, पण सभा मुलंच चालवतात. ‘मास्टर काउन्सिलर’ म्हणजे अध्यक्ष, तोही त्यांच्यातलाच, त्यांनीच निवडलेला. मोठे लोक बाजूला बसतात. लांबलचक भाषणं पाठ करावी लागतात. चारचौघांत तोंड न उघडणारा माझा मुलगा गेल्या वर्षी खजिनदाराला खर्चाचा हिशोब विचारत होता.

वॉल्ट डिस्ने अगदी सुरुवातीच्या सदस्यांपैकी, बिल क्लिंटनही आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्जच्या शाखेत होते. पण या नावांवर फार भाळू नका. सगळं तुमच्या गावच्या शाखेवर अवलंबून असतं. काही ठिकाणी मुलंच उरलेली नाहीत, दहाजण आले तरी गर्दी वाटते. त्यामुळे आधी त्यांच्या एखाद्या जेवणाला किंवा खेळाला दोघे जाऊन या, सल्लागार कोण आहेत ते पाहा, मुलांवर लक्ष ठेवण्याचे नियम विचारा. उत्तरं द्यायला कुरकुरले तर सरळ नाही म्हणा.

आणि ‘फुलांचा समारंभ’ असेल तर तुम्ही स्वतः जाच. ज्याची आई हयात आहे तो मुलगा लाल फूल उचलतो, ज्याची नाही तो पांढरं. आमच्या वेळी एकाने पांढरं उचललं. परतताना गाडीत माझा मुलगा काहीच बोलला नाही, घरी आल्यावर मात्र न सांगता भांडी घासून टाकली.