ख्रिस्ती लोकांच्या मते आजही संदेष्टे असतात का?

प्रश्न असा आहे: "मी ख्रिस्ती नाही. आमच्या चाळीतल्या काकूंकडे दर महिन्याला एक 'प्रॉफेट' येतात. देवाने मला दाखवलं म्हणतात, मुलाला नोकरी कधी लागेल ते सांगतात आणि जाताना पाकीट घेतात. बायबलप्रमाणे आजही संदेष्टे असतात का?"

मी सोलापूरचा, ख्रिस्ती घरातला. मंडळीत (म्हणजे आमच्या चर्चमध्ये) बारा वर्षं संडेस्कूल शिकवलं, सध्या कमिटीवर आहे. धर्मशास्त्राची पदवी नाही, त्यामुळे पाळकसाहेबांसारखं बोलता येणार नाही; पण हा प्रश्न आमच्या घरात घुसून गेलाय, म्हणून लिहितो.

आधी शब्दाचं बघू, कारण निम्मा घोटाळा तिथेच आहे. सोलापुरात कुणी पुढचं सांगतो म्हटलं की डोळ्यांसमोर येते सिद्धेश्वरांच्या यात्रेतली भाकणूक. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, फळं ठेवतात आणि ते कशाला तोंड लावतं, कसं वागतं यावरून पाऊसपाणी आणि महागाईचा अंदाज बांधतात. संदेष्टा म्हणजे त्याच कामाचा माणूस, फक्त ख्रिस्ती, असं तुम्हाला वाटलं तर तुमची चूक नाही. आमच्या आजीच्या पिढीचे लोक तर 'भविष्यवादी' असाच शब्द वापरायचे. हिंदीत अजून भविष्यद्वक्ता म्हणतात. मला विचाराल तर सगळ्यांत नेमका शब्द आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू शेजाऱ्यांकडे आहे: प्रवक्ता. मराठीत आपण तो राजकीय पक्षाच्या माणसाला वापरतो, आणि मूळ अर्थ त्याच्याच जवळचा आहे. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात देव मोशेला म्हणतो की तुझा भाऊ अहरोन तुझा संदेष्टा होईल. म्हणजे काय? मोशेचं म्हणणं तो फारोला, म्हणजे मिसरच्या राजाला, सांगेल. झालं. त्यात भविष्य कुठेच नाही.

जुन्या करारातले (बायबलाच्या पहिल्या भागातले) संदेष्टे पुढचं बोलायचे, नाही असं नाही, पण त्यांचा बहुतेक वेळ गेला तो लोकांना आणि राजांना झापण्यात. आमोस मेंढरं राखायचा आणि उंबराची झाडं सांभाळायचा. मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही, असं तो स्वतःच सांगतो. त्याचा राग होता तो एका चपलांच्या जोडासाठी गरिबाला विकणाऱ्यांवर. कुणाच्या मुलाला नोकरी कधी लागेल हे त्याने सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता मूळ प्रश्न. आजही असतात का? ख्रिस्ती लोकांचं यावर एकमत नाही, आणि कुणी आहे म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

कॅथलिक ख्रिस्तसभा म्हणते की सगळ्या जगासाठी असलेलं देवाचं प्रकटीकरण येशू ख्रिस्तात पूर्ण झालं, आता त्यात भर पडणार नाही. नंतर कुणा संताला दर्शन झालं तर ते खासगी. ख्रिस्तसभेने तपासून मान्यता दिली तरी ते श्रद्धेचा नवा पाया होत नाही. गंमत म्हणजे त्याच ख्रिस्तसभेत बाप्तिस्म्याच्या वेळी तेल लावताना त्या माणसाला ख्रिस्ताच्या याजक, संदेष्टा आणि राजा या तिन्ही पदांचा वाटेकरी म्हणतात. त्या अर्थाने आईच्या कडेवर झोपलेलं तीन महिन्यांचं बाळही संदेष्टाच.

प्रॉटेस्टंटांमध्ये दोन तट आहेत. एक तट म्हणतो, संदेश देण्याचं दान प्रेषितांच्या, म्हणजे येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांच्या, काळाबरोबर संपलं. 1647 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीत देवाच्या प्रकट होण्याच्या आधीच्या पद्धती आता थांबल्या आहेत असं स्पष्ट लिहिलंय. त्यांचा आधार इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय: मंडळी प्रेषित आणि संदेष्टे यांच्या पायावर उभी आहे. पाया एकदाच घालतात, दर मजल्याला नाही.

दुसरा तट पेंटेकॉस्टल आणि त्यांच्याशी मिळत्याजुळत्या मंडळ्यांचा. ते योएल संदेष्ट्याचं वचन दाखवतात: देव सर्व माणसांवर आपला आत्मा ओतेल, तुमचे मुलगे आणि मुली संदेश देतील. प्रेषित पेत्राने पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर आत्मा उतरला त्या दिवशी, तेच वचन उचललं. या चळवळीची गोष्ट बहुतेक जण 1906 च्या लॉस एंजेलिसपासून सांगतात. पण त्याच्या आदल्या वर्षी, 1905 मध्ये, आपल्या पुणे–सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये असंच संजीवन (श्रद्धेची नवी जागृती) झालं होतं. विधवा आणि अनाथ मुली तासन् तास रडून प्रार्थना करत होत्या. रेल्वेने केडगाव मागे पडताना मला दर वेळी ते आठवतं.

(मॉर्मन लोक त्यांच्या अध्यक्षालाच संदेष्टा मानतात. बाकीच्या मंडळ्यांना ते मान्य नाही, त्यामुळे तो विषय इथेच सोडतो.)

वादाचा कळीचा उतारा आहे पहिलं करिंथ (प्रेषित पौलाचं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र), तेरावा अध्याय. पूर्ण ते येईल तेव्हा संदेश संपतील, असं पौल म्हणतो. पूर्ण म्हणजे काय? पहिल्या तटातले बरेच जण म्हणतात, लिहून पूर्ण झालेलं बायबल. दुसरे म्हणतात, ख्रिस्ताचं पुन्हा येणं. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, कारण लगेच पुढे पौल म्हणतो की तेव्हा आपण समोरासमोर पाहू. पुस्तकाला कुणी समोरासमोर पाहत नाही. त्यामुळे देव आजही एखाद्याच्या तोंडून मंडळीला धीर देऊ शकतो, हे मी नाकारत नाही. तेवढ्यावर कुणी स्वतःच्या नावामागे 'प्रॉफेट' लावून फ्लेक्स छापावा, हे मात्र मला पटत नाही.

कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका सेवकाची (प्रचारकाची) संजीवन सभा होती. माझी थोरली बहीण गेली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्याने गर्दीतून तिला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, पुढल्या वर्षी याच दिवसांत तुझ्या कडेवर मुलगा असेल. हे वाक्य त्याचं नव्हतंच. जुन्या करारातल्या अलीशा संदेष्ट्याने शुनेम गावच्या बाईला दिलेला शब्द त्याने जसाच्या तसा उचलला होता. लोकांनी हालेलुया केलं. ताईने बायबलात त्या ओवीशेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली.

वर्ष गेलं. काहीच झालं नाही. दाजींनी फोन करून विचारलं, तर उत्तर आलं: ताईंचा विश्वास कमी पडला असेल, उपास धरा. ती उपास धरू लागली. अशक्तपणाने एकदा उपासनेत भोवळ येऊन पडली, तेव्हा घरातल्यांना कळलं की ती सव्वा महिना एकवेळ जेवत होती.

मूल होणं-न होणं देवाच्या आणि डॉक्टरांच्या हातात. मला राग आला तो त्या उत्तराचा. कारण बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात कसोटी अगदी सरळ दिली आहे: संदेष्टा परमेश्वराच्या नावाने बोलला आणि ते घडलं नाही, तर तो शब्द परमेश्वराचा नव्हता, तो माणूस उद्धटपणे बोलला, त्याला भिऊ नका. ऐकणारीचा विश्वास मोजा असं तिथे लिहिलेलं नाही. कुणी म्हणेल योना संदेष्ट्याचं काय, चाळीस दिवसांत निनवे शहर नष्ट होईल म्हणाला आणि झालं नाही. बरोबर. पण ती धमकी होती, लोक पस्तावले आणि देवाने दया केली; शिवाय योनाने त्यांच्याकडून काही नेलं नाही, उलट रुसून उन्हात बसला. ताईच्या बाबतीत यातलं काय लागू होतं?

असं फक्त सोलापुरातच होतं असं नाही. 2020 मध्ये अमेरिकेतल्या कितीतरी प्रॉफेट म्हणवणाऱ्यांनी ट्रम्पच पुन्हा निवडून येणार असं देवाच्या नावाने सांगितलं होतं. निवडून आले बायडेन. काही जणांनी जाहीर माफी मागितली, एवढं तरी त्यांच्या पदरात टाकायला हवं.

आता पाकिटाचं. इथे मात्र मला दोन बाजू दिसत नाहीत. बायबलातल्या 'दुसरे राजे' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात नामान नावाचा परदेशी सेनापती कोडातून बरा होतो आणि अलीशाला भेट देऊ करतो. अलीशा शपथ घेऊन नाही म्हणतो. त्याचा चाकर गेहजी मागून पळत जाऊन, खोटं बोलून दोन किक्कार (जुनं मोठं वजन) चांदी आणि दोन पोशाख घेऊन येतो, आणि नामानाचं कोड त्याला लागतं. मीखा हा संदेष्टा तर पैशासाठी शकुन सांगणाऱ्या संदेष्ट्यांची नाव न घेता यथेच्छ धुलाई करतो. सुरुवातीच्या मंडळ्यांनाही हा ताप होता. दिदाखे नावाची एक फार जुनी शिकवण आहे, साधारण पहिल्या शतकाच्या शेवटाची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. तिच्यात नियम दिलेत: फिरत आलेला प्रेषित एक दिवस राहू दे, गरज पडली तर दोन, तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना भाकरी घेऊ दे, पैसे मागितले तर खोटा. मला यात आपल्याकडची एखादी वैतागलेली घरमालकीण दिसते.

आणि खरा कसा दिसतो? बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात अगब नावाचा संदेष्टा दोनदा येतो. पहिल्यांदा तो मोठा दुष्काळ पडणार असं सांगतो. अंत्युखियाच्या शिष्यांनी ऐकलं आणि ऐपतीप्रमाणे वर्गणी काढली. पण पैसे गेले यहूदियातल्या गरजू भावांकडे, बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्या हाती. अगबाला त्यातलं काही मिळाल्याचा उल्लेख नाही. दुसऱ्यांदा तो पौलाच्या कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून दाखवतो की यरुशलेमात तुझी अशी गत होईल. सगळे पौलाला रडून म्हणतात, जाऊ नको. पौल ऐकून घेतो, आणि जातो. संदेश खरा होता तरी निर्णय पौलाचाच राहिला. तुमच्या काकूंना हा भाग सांगण्यासारखा आहे.

सांगताना मात्र "तुम्हाला फसवतायत" अशी सुरुवात करू नका. त्या दुखावतील आणि प्रॉफेटचीच बाजू घेतील. काकू बायबल वाचत असतील तर पहिलं करिंथ चौदा, ओवी एकोणतीस काढून द्या: दोघा-तिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी तो पारखावा. म्हणजे पारखणं हा काकूंचा हक्कच आहे, त्यात अविश्वास नाही. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रातही पौल हेच दोन्ही एका दमात लिहितो: संदेशांना तुच्छ मानू नका, सगळं पारखून घ्या. त्या ज्या मंडळीत जातात तिथल्या पाळकांना पुढच्या वेळी घरी बोलवा म्हणावं, त्यांच्यासमोर बोलू दे.

आणि एक वही ठेवायला सांगा. काय सांगितलं, कोणत्या तारखेला, किती दिले. आमच्या ताईने नंतर मंडळीतल्या एका आजींना हेच सुचवलं होतं. प्रॉफेटसाहेबांनी विचारलं, हे काय लिहिताय? आजी म्हणाल्या, देवाचा शब्द आहे ना, विसरायला नको. त्या महिन्यानंतर त्यांचं आजींकडे येणं झालेलं नाही.