वाचकांचे प्रश्न : स्टेरॉइडआधी जंतांची चौकशी कशासाठी?

आलेल्या पत्रांतली चार या वेळी एकत्र घेतली आहेत. चारही ठिकाणी त्रास एकीकडे आणि त्याचं मूळ भलतीकडेच आहे. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली, कारण त्यातली गोष्ट वेळेवर कळली तर जीव वाचतो, आणि ती फार थोड्या घरांपर्यंत पोचलेली असते.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. फुप्फुसांच्या आजारासाठी त्यांना काही महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागणार आहेत. पण त्याआधी डॉक्टरांनी तीन वेगवेगळ्या दिवशी शौचाची तपासणी आणि रक्ताची एक चाचणी करायला सांगितली आहे. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ११ टक्के आहेत म्हणून. ‘पूर्वी कधी अनवाणी काम केलंय का?’ असंही विचारलं. बाबा तरुणपणी ओल्या मातीत अनवाणी राबले आहेत, पण त्याला चाळीस वर्षं झाली. त्यांच्या पोटाची काहीच तक्रार नाही. यात उगाच वेळ जातोय असं आम्हाला वाटतं.

उत्तर : वेळ वाया जात नाहीये. तुमच्या डॉक्टरांनी नेमका तोच प्रश्न विचारला जो विचारायला हवा होता, आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला.

त्यांना शंका आहे ती स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या जंताची. जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर लांबीचा, आतड्याच्या अस्तरात राहणारा हा कृमी. त्याच्या अळ्या दूषित मातीतून तळपायाच्या कातडीत शिरतात, रक्तावाटे फुप्फुसात जातात, तिथून घशात येऊन गिळल्या जातात आणि लहान आतड्यात स्थिरावतात. इतर बहुतेक जंत काही महिन्यांनी किंवा थोड्या वर्षांनी मरतात आणि नव्याने बाधा झाली नाही तर प्रकरण संपतं. याचं तसं नाही. याची अंडी आतड्यातच फुटतात आणि त्यातल्या काही अळ्या बाहेर न पडता आतड्याची भिंत किंवा गुदद्वाराजवळची कातडी भेदून पुन्हा त्याच शरीरात शिरतात. म्हणजे बाहेरची माती सुटली तरी आतलं चक्र चालूच राहतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर राबवलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांच्या शरीरात हा जंत तीस वर्षांहून अधिक काळानंतरही सापडला होता. तेव्हा तुमच्या वडिलांची चाळीस वर्षं फार जुनी नाहीत.

एवढी वर्षं तो गप्प का बसतो? प्रतिकारशक्ती त्याची संख्या आटोक्यात ठेवते. अधूनमधून पोटात कळ, थोडा खोकला, कधी नितंबावर किंवा मांडीवर खाजरी लाल रेघ, जी तासाभरात काही सेंटिमीटर पुढे सरकते. वडिलांना अशी रेघ कधी उठली होती का, हे जरूर विचारा. बरेच जण ते पित्त समजून विसरून जातात.

स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून ते सुरू झालं की हा समतोल मोडतो. अळ्या बेसुमार वाढतात, आतड्याची भिंत भेदून फुप्फुसात, यकृतात, मेंदूपर्यंत पोचतात आणि जाताना आतड्यातले जिवाणूही रक्तात नेतात. मग रुग्ण येतो तो जंतांची तक्रार घेऊन नव्हे, तर तीव्र ताप, दम, रक्तात जंतुसंसर्ग किंवा मेंदूच्या आवरणाचा दाह घेऊन. प्रौढ माणसाच्या मेंदूच्या पाण्यात आतड्यातला जिवाणू सापडला, तर तो तिथे गेला कसा, हा प्रश्न मी वॉर्डात प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला विचारते. या अवस्थेत उपचार करूनही अनेक रुग्ण दगावतात. आधी निदान झालं असेल तर मात्र आयव्हरमेक्टिन या जंतनाशक औषधाच्या एक-दोन मात्रांनी सहसा काम भागतं. हा फरक इतका मोठा आहे की तीन दिवस थांबायला सांगणाऱ्या डॉक्टरांचे आभार मानावेत.

आता तुमच्या शंका. शौचाची तपासणी तीनदा का? कारण अळ्या रोज आणि पुरेशा संख्येने बाहेर पडत नाहीत, आणि एका नमुन्यात त्या सहज निसटतात. म्हणून जोडीला रक्तातल्या प्रतिपिंडांची, म्हणजे जंताशी लढायला शरीराने बनवलेल्या प्रथिनांची, चाचणी. इओसिनोफिलचं महत्त्व काय? या पेशी वाढलेल्या असणं ही जंताची खूण असू शकते. पण स्टेरॉइड सुरू झाल्यावर त्या आपोआप कमी होतात, म्हणजे धोका वाढत असतानाच खूण पुसली जाते. चौकशी गोळ्यांच्या आधी करायची ती याचसाठी. ‘दर वर्षी जंताची गोळी घेतोच की’ हेही इथे पुरेसं नाही. अल्बेंडाझोलची एक गोळी या जंतावर फारशी चालत नाही.

दोन गोष्टी आणखी. स्टेरॉइड तातडीने देणं भाग असेल तर अहवालासाठी अडून न बसता जंताचा उपचार आधीच किंवा सोबत देता येतो. तो निर्णय डॉक्टरांचा. आणि आयव्हरमेक्टिन स्वतःच्या मनाने आणून घेऊ नका. मध्य आफ्रिकेत राहून आलेल्या माणसाच्या रक्तात लोआ लोआ नावाच्या कृमीची पिल्लं मोठ्या संख्येने असतील, तर याच औषधाने मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. कुठे कुठे राहिलात, हे डॉक्टरांना सांगणं औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

प्रश्न : माझ्या मेहुण्याला अचानक आकडी आली. एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसली आणि ती जंताची आहे असं सांगितलं. ते जन्मापासून शाकाहारी आहेत. हे शक्य आहे का? शिवाय जंताच्या औषधासोबत स्टेरॉइडही दिलं आहे.

उत्तर : शक्य आहे. शाकाहारी माणसावर अशा वेळी घरचेच संशय घेतात, म्हणून हे स्पष्ट करते. अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्लं तर आतड्यात लांब पट्टकृमी वाढतो. मेंदूतली गाठ होते ती त्या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे. आतड्यात कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून ती बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांवाटे, पाण्यावाटे किंवा कच्च्या भाजीवाटे कुणाच्याही पोटात जातात. मांसाहाराचा त्यात संबंध नाही. म्हणूनच घरातल्या आणि निकटच्या माणसांची शौचतपासणी करून घ्या. अंडी पसरवणारा माणूस स्वतः ठणठणीत असू शकतो.

बाधा केव्हा झाली ते शोधत बसू नका. भारतात नोकरी करून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश सैनिकांमधल्या ४५० रुग्णांचा अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अनेकांना पहिली आकडी परतल्यावर कित्येक वर्षांनी आली होती. जिवंत गाठ बराच काळ शरीराला चकवते. ती मरू लागली की भोवती सूज येते आणि आकडी येते.

स्टेरॉइड यासाठीच. अल्बेंडाझोलने गाठी मरताना सूज वाढते, ती आवरायला हवी. वरच्या पत्रात ज्या औषधाची भीती सांगितली, तेच इथे मेंदूचं रक्षण करतं. मात्र ते बरेच दिवस चालणार असेल तर स्ट्राँगिलॉइडिस आणि सुप्त क्षयरोगाची तपासणी इथेही हवी. अल्बेंडाझोलआधी डोळ्यांचा पडदा तपासला होता का, हेही विचारा. डोळ्यात गाठ असेल आणि ती औषधाने फुगली तर नजर जाऊ शकते. गाठ मरून तिचा चुना झाला असेल, तर जंताचं औषध लागतच नाही, फक्त आकडीचं लागतं. ते मनाने बंद करू नये.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. महिनाभरात तिचं अक्षर पार बिघडलं, हातातून वस्तू पडतात, चेहरा वेडावाकडा करते, विनाकारण रडते. शाळेतून तक्रार आली, मीही रागावले. झोपली की सगळं थांबतं, म्हणून मुद्दाम करते असं सगळे म्हणतात. तीनेक महिन्यांपूर्वी घसा दुखून ताप आला होता, तेवढंच.

उत्तर : ताई, ती मुद्दाम करत नाही. आजपासून तिला कुणी रागावू नये, आणि हे शाळेतही सांगा. मी तिला तपासलेलं नाही, पण तुमचं वर्णन सिडनहॅम कोरियाशी, म्हणजे हातपाय-चेहऱ्याच्या आपोआप होणाऱ्या हालचालींच्या आजाराशी, तंतोतंत जुळतं. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने १६८६ मध्ये त्याचं वर्णन केलं. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूने घसा सुजतो, आणि त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं पुढे मेंदूतल्या हालचाली सांभाळणाऱ्या भागावर उलटतात. घशानंतर एक ते सहा महिन्यांनी हे होतं, त्यामुळे घसा कुणाच्या लक्षातही राहत नाही. या हालचाली झोपेत थांबतात, तो आजाराचाच भाग आहे.

बहुतेक मुलांच्या हालचाली काही आठवड्यांत किंवा महिन्यांत थांबतात. मला चिंता आहे ती हृदयाची. हा ऱ्हुमॅटिक तापाचाच, म्हणजे अशा घशाच्या संसर्गानंतर सांधे आणि हृदयावर उलटणाऱ्या आजाराचाच, एक प्रकार आहे आणि झडपांना इजा झालेली असू शकते, छातीत काहीही दुखत नसताना. या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. एवढ्या काळानंतर रक्तातली एएसओ चाचणी (स्ट्रेप्टोकोकसविरुद्धची प्रतिपिंडं मोजणारी) नॉर्मल येऊ शकते. तेवढ्यावरून कुणी ‘काही नाही’ म्हटलं तर इकोचा आग्रह धरा. निदान पक्कं झालं तर दर तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागेल. हृदय शाबूत असेल तरी ते किमान पाच वर्षं किंवा वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत, यातलं जे जास्त असेल तोवर. झडपेला इजा असेल तर त्याहून अधिक काळ. मुलगी बरी दिसू लागली की इंजेक्शन चुकवायचा मोह होतो. प्रत्येक नव्या घशाच्या संसर्गाने झडप आणखी बिघडू शकते, म्हणून एकही चुकवू नका.

प्रश्न : तापात मुलाच्या तोंडातून वीतभर लांब जंत पडला. पोटातला जंत तोंडात कसा?

उत्तर : हा बहुधा गोल जंत, म्हणजे अस्कॅरिस. मादी २० ते ३५ सेंटिमीटरपर्यंत वाढते. तीव्र तापात किंवा भूल दिल्यावर हे जंत जागा सोडून फिरू लागतात आणि वर घशापर्यंत येतात. पडलेला जंत बाटलीत घालून डॉक्टरांना दाखवा. मूल खेळतंय, जेवतंय तर डॉक्टर साधी जंताची गोळी देतील. पण पोट फुगलं असेल, हिरव्या उलट्या होत असतील किंवा बरगड्यांखाली कळा येत असतील, तर घरी गोळी देऊ नका. जंतांचा गुंता आतड्यात अडकला असेल किंवा एखादा पित्तनलिकेत शिरला असेल. अशा मुलाला तोंडाने काहीही न देता थेट रुग्णालयात न्या, आणि तिथे पोहोचल्यावर पहिलं वाक्य ‘तोंडातून जंत पडला’ हेच सांगा.