सीताशुद्धी, वजाबाकी आणि ‘संशोधन’

गोव्यातल्या फोंड्याहून एका प्राध्यापिकाबाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या महाविद्यालयातर्फे अलीकडच्या निवडक शोधनिबंधांचे मराठी सारांश एका पुस्तिकेत निघायचे आहेत. पदार्थविज्ञान, अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, हिशेबशास्त्र, आरोग्य असा सगळाच मेळा. मुखपृष्ठावर ‘संशोधन’ घातले, तेव्हा हिंदी शिकवणारे सहकारी म्हणाले, संशोधन म्हणजे दुरुस्ती, तुम्हाला ‘अनुसंधान’ म्हणायचे असेल. आणखी एका जाणकारांनी ‘गवेषणा’ सुचवले. बाईंचा उपप्रश्न असा की, सारांशात दर वेळी ‘शास्त्रज्ञांनी शोध लावला’ लिहिले तर चालेल का?

‘संशोधन’च ठेवा, बाई. मुखपृष्ठ छापायला टाका आणि मग पुढचे वाचा.

हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, हे खरेच आहे. तिथे संविधानाचे संशोधन होते, वेतनाचे होते. त्यांची भाषा, त्यांचा हक्क. माझा राग आपल्या माणसांवर आहे. गोवा भारतीय संघराज्यात कागदोपत्री आला तो १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने. घटक राज्य झाला तो १९८७ च्या ५६व्या घटनादुरुस्तीने. कोकणी आठव्या परिशिष्टात गेली ती १९९२ च्या ७१व्या घटनादुरुस्तीने. म्हणजे ‘घटनादुरुस्ती’ हा शब्द इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असायला हवा. तरीही ३० मे, म्हणजे घटक राज्य दिन, जवळ आला की कुठल्या तरी व्यासपीठावरून ‘संविधान संशोधनामुळे आपल्याला राज्य मिळाले’ हे ऐकावे लागतेच. जणू कोणी प्रयोगशाळेत बसून गोवा शोधून काढला! एका फलकावर ‘संशोधित वेळापत्रक’ लिहिलेलेही पाहिले. सुधारित म्हणा की हो. बसच्या वेळा काय सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या होत्या?

आता ‘अनुसंधान’. मराठीत अनुसंधान ठेवायचे असते, आणि तेही नामाचे. कीर्तनकार बुवा ‘अनुसंधान सुटू देऊ नका’ म्हणतात तेव्हा श्रोत्यांपैकी कोणी वही-पेन्सिल काढत नाही. वास्कोचे ध्रुवीय आणि महासागरी संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र घ्या किंवा जुन्या गोव्यातली किनारी शेतीवर काम करणारी केंद्रीय संस्था घ्या, दोन्हींच्या हिंदी नावांत ‘अनुसंधान’ आहे. ते मराठी बातमीत जसेच्या तसे उचलण्याचे काही कारण नाही. ‘अन्वेषण’ म्हणाल तर तो शब्द पोलिसांनी केव्हाच नेला. गुन्हे अन्वेषण म्हटल्यावर पुढे कोठडीच दिसते.

‘गवेषणा’वाल्यांशी मात्र माझे जुने भांडण आहे. गो अधिक एषणा, म्हणजे हरवलेली गाय शोधणे. ही व्युत्पत्ती ते असा चेहरा करून सांगतात की जणू स्वतःच गाय घरी घेऊन आले आहेत. व्युत्पत्ती बरोबर आहे. बंगाली आणि मल्याळम या भाषांत रोजच्या संशोधनाला हाच शब्द आहे, तिथे तो शोभतो. पण मराठीत गवेषणा कोणी करत नाही, खरोखरची गाय हरवली तरी करत नाही. पोर्तुगीज लोक संशोधनाला ‘इन्व्हेस्टिगासांव’ म्हणतात. त्याच्या पोटात लॅटिन ‘वेस्टिजियुम’ आहे, म्हणजे पावलाचा ठसा. आपला ‘मागोवा’ तोच. इंग्रजी ‘रिसर्च’च्या मुळाशी गोल गोल फिरणे आहे. गाय, पाऊल, फेऱ्या. तिन्ही ठिकाणी वस्तू कुठे तरी पडलेली आहे आणि आपण तिच्यामागे निघालो आहोत. ‘संशोधन’ या शब्दात कुणी कुठे निघतच नाही. तिथे धुणे चालू आहे.

मूळ धातू शुध्, स्वच्छ होणे. त्याचे प्रयोजक रूप शोधयति, म्हणजे स्वच्छ करतो. मग मराठीत ‘शोधणे’चा अर्थ हुडकणे कसा झाला? याचे उत्तर मारुतीला विचारा. जुन्या मराठी रामकथांत मारुती समुद्र ओलांडून जातो तो ‘सीताशुद्धी’साठी. आजच्या वाचकाला हा शब्द दाखवा, तो हमखास अग्निदिव्याकडे वळेल. पण इथे शुद्धी म्हणजे ठावठिकाणा, खबर. सीता कुठे आहे हे धूसर होते, ते स्वच्छ झाले. शंका धुऊन निघाली की जे उरते ती शुद्धी. हिंदीतली ‘सुध’ हीच. आपण बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तीही हीच. म्हापशाच्या बाजारात बाई विचारते, ‘कितें सोदता?’ त्या कोकणी ‘सोदप’मध्येही हाच धातू आहे. शेजारच्या कन्नडात ‘संशोधने’ आहे, तेलुगूत ‘परिशोधन’, आणि गुजरातीत तर अगदी आपलेच ‘संशोधन’. तेव्हा मराठीने शब्द चुकीचा वापरला म्हणणाऱ्यांनी आधी अर्धा भारत दुरुस्त करून यावा.

आणि अमरसिंहाचा संस्कृत शब्दकोश, अमरकोश, उघडाच. ‘संमार्जनी शोधनी स्यात्’. शोधनी म्हणजे केरसुणी! ज्याला गोव्याच्या घरात सारण म्हणतात, ते माडाच्या हिरांचे. व्याकरणाच्या नात्याने पाहिले तर शोधनी ही संशोधकाची सख्खी बहीण आहे.

पण माझा लाडका पुरावा वेगळाच आहे, त्यासाठीच एवढा पल्ला गाठला. भास्कराचार्य, बारावे शतक, बीजगणितातला वजाबाकीचा नियम: ‘संशोध्यमानं स्वमृणत्वमेति स्वत्वं क्षयः’. वजा केली जाणारी धन राशी ऋण होते आणि ऋण राशी धन होते. पाचवी-सहावीत मुले उणे उणे अधिक म्हणून घोकतात ते हेच. इथे ‘संशोध्यमान’ म्हणजे वजा होत असलेली. सम् उपसर्गासकट! संस्कृत गणितात शोधन हे वजाबाकीचे नेहमीचे नाव आहे. ऋणशोधन म्हणजे कर्ज फेडणे, तेही वजा करणेच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या चौथ्या अधिकरणाचे नाव ‘कण्टकशोधन’, राज्यातले काटे काढून टाकणे. तिथेही उणे चिन्हच.

पंडित मंडळी सांगतात की ‘संशोधन’ हा शब्द पोथ्यांतून आला. नकलाकार चुका करणार आणि वरून ‘यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते’ म्हणून हात झटकणार. मग पंडिताने पोथी शोधायची, म्हणजे शुद्ध करायची. त्यातून पाठशोधन आले, त्यातून इतिहाससंशोधन, आणि १९१० साली राजवाड्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढल्यावर शब्द पक्का झाला. ऐकायला सोयीचे आहे. हिंदीपुरते मान्यही करतो, हिंदी त्या पोथीपाशीच थांबली. पण मराठी माणूस पोथीपेक्षा कीर्दीत जास्त रमलेला. जमेतून खर्च वजा करायचा, शिल्लक पेटीशी ताडून पाहायची, जुळली नाही की रात्रभर ‘चूक शोधत’ बसायचे. चूक शोधणे म्हणजे हुडकणे की काढून टाकणे? दोन्ही, एकाच वेळी. माझ्या मते ‘शोधणे’चे दोन अर्थ एकमेकांना भेटले ते इथे, दिव्याच्या उजेडात, हिशेबनिसाच्या चौपाईवर. पंडितांना हे रुचणार नाही. त्यांना हिशेब आवडत नाही, फक्त मानधन आवडते.

पोथी आणि हिशेब दोन्ही एका माणसात पाहायचे असतील तर दामोदर धर्मानंद कोसंबी पाहा. जन्म १९०७, गोव्यातला. गणिती माणूस. त्याने प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारून पाडलेली, नाणी हजारोंनी तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, म्हणून जुन्या नाण्यांचे सरासरी वजन कमी भरते आणि नाण्या-नाण्यांतला फरक वाढतो. हे गणित आधी चलनातली साधी नाणी तोलून तपासले आणि मग त्यावरून प्राचीन नाण्यांचा काळक्रम लावला. तोच माणूस भर्तृहरीच्या सुभाषितांच्या शेकडो पोथ्या ताडून १९४८ साली चिकित्सक आवृत्ती काढतो. एकीकडे झीज मोजली, दुसरीकडे नकलाकारांची भर काढून टाकली. आता हिंदीवाले सहकारी यातल्या कोणत्या कामाला दुरुस्ती म्हणतील आणि कोणत्याला अनुसंधान?

बाईंचा उपप्रश्न राहिलाच. ‘शोध लावला’ दर निबंधाला? मुळीच नाही. रोज सकाळी कोणी ना कोणी शोध लावतो: कॉफीने हृदय सुधारते, परवा बिघडते. शोध लागतो तो वर्षानुवर्षांत एखादा. बाकीच्या निबंधांत ‘आढळले’, ‘दिसून आले’, ‘अंदाज बांधला’ इतकेच असते आणि तेवढेच लिहावे.

मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या चमूने जाहीर केले की विश्वाच्या जन्मवेळच्या गुरुत्वीय तरंगांची खूण सापडली. विश्वारंभापासून उरलेल्या आदिम प्रारणाच्या ध्रुवणात, म्हणजे त्याच्या लहरींच्या कंपनाच्या दिशेत, एक पिळाची नक्षी दिसत होती. जगभर पेढे वाटले गेले. मग प्लांक उपग्रहाची मापे शेजारी ठेवून पुन्हा हिशेब केला आणि २०१५ च्या सुरुवातीला निकाल लागला: आपल्याच आकाशगंगेतली धूळही तसेच ध्रुवित प्रारण सोडते. ती धूळ वजा केल्यावर ठामपणे सांगण्यासारखे काही उरेना. अमरसिंहाची केरसुणी याहून नेमकी कुठे चालली असेल? त्याआधी, सप्टेंबर २०११ मध्ये, जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्राहून सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या प्रयोगशाळेकडे निघालेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याची बातमी आली. कारण निघाले प्रकाशतंतूच्या एका केबलची नीट न बसलेली जोडणी. त्या चमूने ‘आमचे चुकते कुठे ते सांगा’ असे आधीच म्हटले होते, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे. ‘शोध लावला’ हा मथळा वर्तमानपत्रांनी दिला. चमू शोधनच करत होता.

संख्याशास्त्रवाल्यांचे सारांश लिहिताना तर जास्तच जपा. २०१५ साली मानसशास्त्रातले प्रसिद्ध झालेले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत निकाल संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला होता. पुन्हा केले तेव्हा ३६ टक्क्यांतच उतरला. ज्याला आपण ‘सार्थ’ म्हणतो तो निकाल म्हणजे ‘महत्त्वाचा’ निकाल नव्हे, आणि ‘लक्षणीय’ तर नव्हेच. योगायोगाने इतका फरक पडणे दुर्मीळ, एवढेच त्याचे म्हणणे. फरक केसाएवढा असला तरी तो सार्थ ठरू शकतो. माणसे पुरेशी मोजली की झाले. तेव्हा ‘औषधाचा लक्षणीय परिणाम’ लिहिण्याआधी निबंधातला फरकाचा आकडा पाहा.

हिशेबशास्त्राचा एखादा निबंध बेनफर्डच्या नियमावर असेल, हल्ली पुष्कळ असतात. खऱ्याखुऱ्या, लहानमोठ्या रकमांच्या यादीत पहिला अंक १ असण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के, ९ असण्याचे पाचाच्या आत. बनावट बिले करणारा बिचारा सगळे अंक सारखे वाटून टाकतो आणि तिथे सापडतो. हिशेबतपासनीस यावरून कुठे खोदायचे ते ठरवतो. गुन्हा सिद्ध करत नाही. कौटिल्याने सरकारी पैसा खाण्याच्या ४० तऱ्हा सांगितल्या आहेत. त्याला हा नियम मिळाला असता तर एक्केचाळिसावे कलम शोधनाचे घातले असते. या सारांशालाही ‘बेनफर्डने भ्रष्टाचार शोधून काढला’ असा मथळा देऊ नका.

अभियांत्रिकीत पाण्याच्या शुद्धीकरणाला हिंदी लेखक ‘जल शोधन’ म्हणतात. आपण शुद्धीकरणच म्हणू या. ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पावर निबंध आला आणि मथळा ‘ओपा येथे जलशोधन’ असा दिला, तर लोकांना वाटेल तिथे पाणी सापडले.

‘शोधपत्र’ही नको. ते हिंदीतून उचललेले आहे आणि कानाला पकड वॉरंटसारखे लागते. शोधनिबंध लिहा.

‘संशोधन’ या शब्दापुरते एकाच विषयात सावध राहा, तो आरोग्य. धारगळला आता आयुर्वेदाची मोठी संस्था आहे, तेव्हा तिकडचे निबंध तुमच्या पुस्तिकेत आज ना उद्या येणारच. आणि वैद्यांच्या बोलीत ‘संशोधन’ ही चिकित्सा आहे: वमन, विरेचन, बस्ती वगैरे. ‘४० रुग्णांवर संशोधन केले’ असे वाक्य आले तर छापण्यापूर्वी लेखकाला फोन करून विचारा, त्यांचा अभ्यास केला की त्यांना जुलाब दिला.