स्पीडवेमध्ये १४ वर्षांच्या मुलाची टीममध्ये निवड कशी होते आणि पैसे कसे मिळतात?

तुम्ही विचारलंय की, तुम्ही लेस्टरला राहता, मुलगा १४ वर्षांचा आहे, सध्या २५०सीसीवर चालवतो, पुढे ५००सीसीवर जायचं म्हणतो. तर टीममध्ये निवड कशी होते, पैसे खरंच मिळतात का आणि पोलंडला पाठवण्यात अर्थ आहे का. तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच आकड्यात अडकलंय, म्हणून आधी तो आकडा, म्हणजे रायडरचं अ‍ॅव्हरेज, समजून घ्या.

खेळाची मांडणी तुम्हाला माहीत असेलच, पण इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो: स्पीडवे म्हणजे मोटारसायकलची शर्यत. एका हीटमध्ये, म्हणजे एका छोट्या शर्यतीत, चार रायडर, दोन एका टीमचे आणि दोन दुसऱ्या. चार फेऱ्या, डावीकडे वळत. ५००सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन, इंधन मिथेनॉल, गिअर एकच, ब्रेक नाहीत. पहिल्याला ३ पॉइंट, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला काही नाही. एका लीग मॅचमध्ये अशा १५ हीट.

ब्रिटनमध्ये टीम निवडताना सगळं फिरतं ते रायडरच्या अ‍ॅव्हरेजभोवती. हिशेब सोपा आहे: पॉइंट अधिक बोनस पॉइंट, गुणिले ४, भागिले एकूण राइड्स. मुलाने २४ राइड्समध्ये ३० पॉइंट आणि ६ बोनस मिळवले तर ३६ × ४ ÷ २४, म्हणजे ६.००. बोनस कधी? आपला जोडीदार पहिला आणि आपण लगेच मागे दुसरे, किंवा जोडीदार दुसरा आणि आपण तिसरे आलो तर. जोडीदाराला मागे टाकण्याच्या नादात दोघांनी एकमेकांचं नुकसान करू नये, म्हणून ही सोय. टीमच्या स्कोअरमध्ये बोनस धरत नाहीत, पण अ‍ॅव्हरेजमध्ये धरतात आणि बहुतेक करारांत त्याचे पैसेही मिळतात. स्कोअरकार्डवर '९+२' दिसलं की पिटमध्ये, म्हणजे मोटारसायकली तयार करतात त्या जागेत, त्याला 'पेड ११' म्हणतात.

आता निवड. लीग दर हंगामाआधी टीमच्या एकूण अ‍ॅव्हरेजची कमाल मर्यादा ठरवते आणि प्रमोटरला, म्हणजे टीम चालवणाऱ्याला, सात जण त्यात बसवायचे असतात. मर्यादेचा आकडा दरवर्षी बदलतो, म्हणून उदाहरणापुरतं ४० धरू. पहिल्या पाच जणांचे ९, ७.५, ६.५, ६ आणि ५ मिळून ३४ झाले, उरले ६. त्यात दोन रिझर्व्ह, म्हणजे राखीव रायडर, हवेत. नवख्या ब्रिटिश मुलाला सुरुवातीला मुद्दाम कमी धरलेलं अ‍ॅव्हरेज देतात, परदेशी नवख्याला त्याहून बरंच जास्त. तुमचा मुलगा २.०० वर आला की प्रमोटरला दुसऱ्या रिझर्व्हसाठी ४.०० मोकळे मिळतात. त्याची पहिली निवड होते ती मुख्यतः या कमी आकड्यामुळे. तो किती वेगात जातो हा भाग नंतरचा. हे ऐकायला वाईट वाटेल, पण पहिल्या वर्षी हा आकडाच त्याचा सगळ्यात मोठा मित्र असतो.

पुढच्या वर्षी तोच उलटतो. समजा हंगामाअखेर त्याचं अ‍ॅव्हरेज ६.०० झालं. तेच पाच जण ३४ वर ठेवले तर तुमचा मुलगा धरून ४० भरले आणि सातव्यासाठी शून्य उरलं. म्हणजे कोणाला तरी जावं लागणार, आणि बऱ्याचदा जातो तो नुकताच सुधारलेला मुलगा, कारण ६.०० वर दहा वर्षांचा अनुभव असलेला माणूसही बाजारात मिळतो. चांगली कामगिरी करूनही हिवाळ्यात फोन का येत नाही, हे अनेक पालकांना कळत नाही. त्यामागे हे गणित असतं.

दुसरा सापळा हंगामाच्या मधोमध असतो. सर्वांत कमी अ‍ॅव्हरेजचे दोघे रिझर्व्हला, म्हणजे ६ आणि ७ नंबरला. हीट २ मध्ये चारही रिझर्व्ह आपापसात भिडतात, म्हणजे तिथे त्यांना बरोबरीचे प्रतिस्पर्धी मिळतात. शिवाय टीममधला कोणी ढेपाळला की त्याच्या जागी रिझर्व्हला उतरवता येतं, एका मॅचमध्ये कमाल सात राइड्सपर्यंत. अ‍ॅव्हरेज ठरावीक काळाने नव्याने लागू होतात आणि तेव्हा क्रम बदलतो. तुमच्या मुलाचा आकडा वर सरकला की तो १ ते ५ मध्ये जातो, तिथे राइड्स चारच आणि समोर दुसऱ्या टीमचे सगळ्यात वेगवान लोक. कालपर्यंत सहा राइड्समध्ये पेड ११ करणारा मुलगा आज चार राइड्समध्ये पेड ४ करतो. वेग तोच, कमाई निम्म्याहून कमी. त्याच वेळी एखादा मुरलेला रायडर खाली घसरून रिझर्व्हला येतो आणि महिनाभर भरपूर पॉइंट वसूल करतो. मुलाला हे आधीच समजावून सांगा, नाहीतर तो मोटारसायकलमध्ये नसलेला दोष शोधत बसेल.

ब्रिटनमधली वाट अशी: १२५ आणि २५०सीसीच्या युवा स्पर्धा, मग ५००सीसी, १५ पूर्ण झाल्यावर तिसऱ्या स्तरावरची नॅशनल डेव्हलपमेंट लीग, मग चॅम्पियनशिप, मग प्रीमियरशिप. तुमच्या शहरातली लायन्स टीम वरच्या स्तरावर आहे, त्यामुळे तिथून बोलावणं आलं तरी ते बहुतेक सरावासाठी किंवा मॅचनंतरच्या दुय्यम हीटसाठी असेल, तेही घ्याच. २०२१ पासून प्रीमियरशिपने 'रायझिंग स्टार' नावाने तरुण ब्रिटिश रायडरसाठी टीममध्ये जागा ठेवायला सुरुवात केली. एकच रायडर दोन स्तरांवर दोन टीमकडून चालवू शकतो आणि तरुणांनी ते करावंच, कारण या वयात राइड्सची संख्या हेच शिक्षण. ब्रिटिश रायडर डॅन ब्यूली मोटोक्रॉसकडून २०१६ च्या सुमारास उशिरा इकडे आला, खालच्या स्तरांवर भरपूर चालवत वर गेला आणि २०२२ मध्ये त्याने कार्डिफची ग्रां प्री, म्हणजे जागतिक अजिंक्यपदाची एक फेरी, जिंकली. उशीर झाला म्हणून घाई करू नका.

पैशांबद्दल स्पष्ट बोलतो. स्पीडवेत पगार हा प्रकार जवळजवळ नाही. रायडर स्वतःचा व्यवसाय करणारा समजला जातो: मोटारसायकल त्याची, मेकॅनिक त्याचा, व्हॅन त्याची, डिझेल त्याचं. क्लब देतो तो पॉइंटमागे ठरलेला दर, कधी प्रत्येक राइडमागे थोडी रक्कम, कधी हंगामाच्या तयारीसाठी उचल. समजा दर पॉइंटला ५० पाउंड आहे आणि मुलाने पेड ५ केले. २५० पाउंड आले. त्यातून मागचे टायर, मिथेनॉल, ऑइल, क्लच प्लेट, प्रवास आणि मेकॅनिकचा खर्च. इंजिन साधारण २०-२५ हीटनंतर ट्यूनरकडे, म्हणजे इंजिन जुळवणाऱ्या तज्ज्ञाकडे, उघडायला जातं, तो खर्च वेगळा. पडला आणि फ्रेम वाकली तर महिना तोट्यात. पहिली दोन-तीन वर्षं घरचे आणि स्थानिक प्रायोजक यांच्याच जिवावर निघतात, हे गृहीत धरा. छोट्या प्रायोजकांना हसू नका. गॅरेजवाला, टाइल्सवाला, रेस्टॉरंटवाला असे दहा जण मिळून इंजिनाचा खर्च उचलतात आणि त्यांची नावं मुलाच्या केव्हलर सूटवर जातात.

खर्चात सगळ्यात जास्त वाया जातो तो चुकीच्या इंजिनावर. पालक नावाजलेल्या ट्यूनरचं जीएम कंपनीचं इंजिन आणतात, ते चाकाला एवढी ताकद देतं की गेटवरच, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवरच, पुढचं चाक उचलतं, आणि मूल थ्रॉटल बंद करायला शिकतं. पहिल्या वर्षी मऊ, साध्या ट्यूनिंगचं इंजिन घ्या. आपल्याकडच्या जुन्या लोकांना जावा म्हटलं की मैसूरची आठवते; स्पीडवेची जावा चेक प्रजासत्ताकातल्या दिवीशोव्ह गावात बनते, आणि जुनी उभ्या इंजिनाची जावा शिकायला अजूनही चांगली. नियमाने मोटारसायकल ७७ किलोपेक्षा हलकी चालत नाही, त्यामुळे वजन कमी करणारे महागडे टायटॅनियमचे भाग घेण्याची घाई नको.

दुसरी गोष्ट क्लच. शर्यतीचा अर्धा निकाल गेटवर लागतो. प्लेट गरम होऊन फुगल्या की क्लच पूर्ण सुटत नाही, मोटारसायकल पुढे सरकते, सुरुवातीला आडव्या ताणलेल्या टेपला लागते आणि रेफरी त्या हीटमधून बाहेर काढतो किंवा १५ मीटर मागून सुरू करायला लावतो. दोन राइड्समध्ये वेळ कमी असेल तर दुसरी मोटारसायकल तयार हवी, म्हणून सगळ्यांकडे किमान दोन असतात. टायरची एक कडा झिजली की तो उलटा लावून दुसरी वापरता येते. वरच्या स्तरावर हे करत नाहीत, खालच्या स्तरावर केलंच पाहिजे. ट्रॅकप्रमाणे मागच्या स्प्रॉकेटचा दात एखाद-दुसरा कमी-जास्त करायचा आणि प्रत्येक ट्रॅकची नोंद वहीत ठेवायची: लांबी, ओल, दात, कार्ब्युरेटरचा जेट. ही वही दोन वर्षांत महागड्या इंजिनापेक्षा जास्त पॉइंट देते.

आता पोलंड. खरा पैसा तिथेच आहे. एक्स्ट्रालीगा, म्हणजे तिथली सर्वांत वरची लीग, तिच्या आठ टीम, भरलेली स्टेडियम, आणि २०२२ ते २०२५ या चार हंगामांच्या प्रसारण हक्कांसाठी २४.२ कोटी झ्वॉटींचा (पोलंडचं चलन) करार झाला होता. तिथे हंगामाच्या तयारीसाठी वेगळी रक्कम आणि पॉइंटमागे वेगळा दर, आणि दोन्ही ब्रिटनच्या कितीतरी पट. जगज्जेत्यालाही ग्रां प्रीच्या बक्षिसांपेक्षा पोलिश लीगमधून जास्त मिळतं.

पण तिथली तरुणांची व्यवस्था वेगळी आहे. एक्स्ट्रालीगाच्या प्रत्येक टीममध्ये २१ वर्षांखालचे दोन पोलिश ज्युनियर लागतातच. हीट २ फक्त ज्युनियरांची आणि प्रत्येकाला तीन राइड्स ठरलेल्या. मोठे रायडर सगळ्याच टीमकडे जवळपास तोडीस तोड असतात, त्यामुळे हीट २ मध्ये ५-१ आणणारी, म्हणजे पहिली आणि दुसरी येणारी, जोडी मॅच फिरवते. म्हणून १६-१७ वर्षांच्या चांगल्या पोलिश मुलामागे क्लब धावतात, त्याला मोटारसायकल आणि मेकॅनिकही क्लब देतो, आणि दुसरा क्लब त्याला नेतो तेव्हा घडवणाऱ्या क्लबला भरपाई द्यावी लागते. अनेकदा जगज्जेता झालेला बार्तोश झ्मार्झलिक या मुशीतून आला. २०१२ मध्ये, १७ वर्षांचा असताना, गोझूव्हच्या ग्रां प्रीत तिसरा आला होता.

तुमचा मुलगा मात्र तिथे ज्युनियरच्या जागेवर बसत नाही, कारण ती जागा पोलिश मुलासाठी आहे. हे न विचारता एजंटच्या बोलण्यावर गेलेले पालक तिथे पोचल्यावर चकित होतात. त्याच्यासाठी दार दुसरं आहे. २०२१ पासून टीममध्ये २४ वर्षांखालचा एक रायडर बंधनकारक झाला, तो परदेशी चालतो. आणि २०२२ मध्ये २४ वर्षांखालच्यांची वेगळी एक्स्ट्रालीगा सुरू झाली, तिथे परदेशी मुलांना राइड्स मिळतात. म्हणजे १८-१९ व्या वर्षी, ब्रिटनमध्ये दुसऱ्या स्तरावर ७ च्या आसपास अ‍ॅव्हरेज असताना जाणं शहाणपणाचं. १६ व्या वर्षी गेला तर बेंचवर बसेल आणि इकडच्या राइड्सही जातील. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश पासपोर्टवर तिथे काम करायला परवानगीची कागदपत्रं लागतात, ती क्लबकडून आधीच लेखी मागा. वयाची मर्यादाही लक्षात ठेवा: ज्या वर्षी २१ पूर्ण होतात त्याच्या शेवटी ज्युनियरपण संपतं, आणि २४ नंतर तो थेट जगातल्या सर्वोत्तम वीस-पंचवीस जणांशी त्याच जागांसाठी झगडतो. अनेक ज्युनियर विजेते तिथे गळतात.

सही करण्याआधी क्लबला विचारायच्या गोष्टी. ब्रिटनमध्ये क्लब रायडरची नोंदणी आपली 'अ‍ॅसेट' म्हणून धरतो. उद्या दुसऱ्या टीमकडे जायचं तर त्या क्लबशी उसनवारीचा किंवा विक्रीचा व्यवहार होतो. १५ व्या वर्षी आनंदाच्या भरात केलेली सही २२ व्या वर्षीही आडवी येते. तेव्हा नोंदणी कोणाकडे जाणार, किती काळ, आणि क्लब बंद पडला तर काय, हे लेखी घ्या. बोनसचे पैसे मिळतात का, पावसामुळे मॅच पाच हीटनंतर थांबली तर त्या पॉइंटचे मिळतात का, पैसे किती दिवसांत येतात, आणि जखमी असताना जागा राखली जाते का, हेही. पावसाचं कलम लोक विसरतात आणि इंग्लंडमध्ये तेच सगळ्यात जास्त लागू होतं.

विम्याचं काम पहिल्या ५००सीसी सरावाआधी करा. साध्या प्रवास विम्यात आणि बऱ्याच आयुर्विमा पॉलिसींत मोटार शर्यत वगळलेली असते. २०१५ मध्ये झेलोना गुरात पडून डार्सी वॉर्ड कायमचा अधू झाला, तो दोनदा २१ वर्षांखालचा जगज्जेता होता. २०१६ मध्ये क्रिस्तियान रेम्पावा हा १८ वर्षांचा ज्युनियर रिब्निकच्या अपघातानंतर गेला. ज्या ट्रॅकवर वळणांना हवेची फेन्स, म्हणजे हवा भरलेलं गादीसारखं कुंपण, नाही तिथे सरावालाही पाठवू नका. मनगटाला बांधलेली इंजिन बंद करणारी दोरी प्रत्येक वेळी स्वतः ओढून पाहायला लावा, आणि मिथेनॉलची ज्वाळा उन्हात दिसत नाही हे त्याच्या मेकॅनिकला, म्हणजे सुरुवातीला तुम्हालाच, माहीत असू द्या.