पुस्तकातलं बंड घरात शिरलं तर?

"मॅडम, आधी ही अशी नव्हती. ही पुस्तकं हातात आली आणि उलट बोलायला लागली."

मी समुपदेशक आहे; आठवी-नववीतल्या मुलींच्या आयांकडून ही तक्रार मी नेहमी ऐकते. ही पुस्तकं म्हणजे बहुतेक वेळा भविष्यातल्या जुलमी राज्यांच्या इंग्रजी कादंबऱ्या. कुठली तरी स्पर्धा, राजवाडा, उपाशी प्रजा आणि शेवटी उठाव. 2008 साली ‘द हंगर गेम्स’ आली आणि अशा गोष्टींचं पेवच फुटलं. त्यात 12 जिल्ह्यांमधून प्रत्येकी एक मुलगा आणि एक मुलगी, अशी 24 मुलं एकमेकांचा जीव घ्यायला टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर सोडली जातात. आईबाप हे वाचून हादरतात, आणि ते स्वाभाविक आहे.

अशाच एका मुलीची आई असलेल्या ताई आल्या त्या मात्र दुसऱ्या पुस्तकासाठी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांनी पिशवीतून किएरा कासची ‘द सिलेक्शन’ काढून माझ्या टेबलावर ठेवली, मुखपृष्ठावर निळ्या झग्यातली मुलगी. ही 2012 ची कादंबरी. इलिया नावाच्या काल्पनिक देशात लोक एक ते आठ अशा आकड्यांच्या जातींत विभागलेले आहेत. राजपुत्राला बायको निवडायची म्हणून 35 मुली राजवाड्यात आणतात, एकेकीला घरी पाठवत जातात, आणि हे सगळं देशभर टीव्हीवर दिसतं. बाहेरून बंडखोरांचे हल्ले सुरूच असतात. नायिका पाचव्या जातीतली, गाणंबजावणं करून पोट भरणाऱ्या घरातली.

घरात घडलं होतं ते असं. सुट्टीत ताईंच्या मुलीच्या मामेबहिणीला बघायला पाहुणे आले. पोह्यांच्या बश्या फिरवायचं काम ताईंच्या मुलीकडे. बशी हातात देता देता तिने मुलाला विचारलं, "दादा, ही कितवी मुलगी बघताय?" बैठकीत शांतता. पाहुणे चहा न घेताच उठले, आठवड्याने नकार आला. मामीने अबोला धरला, बाबांनी पुस्तकं कपाटात कुलपात टाकली.

"पुस्तकांमुळे बंडखोर झाली का ही?" ताईंना एवढंच विचारायचं होतं.

मी मुलीला एकटीला आत घेतलं आणि विचारलं, यातलं कुठलं पान तू परत परत वाचतेस? राजपुत्राचं नाव येईल असं वाटलं होतं. तिने सांगितलं ते अर्ज भरण्याचं. "तिथे म्हणतात, नशिबाची सोडत आहे. पण अर्ज घेताना सगळ्यांचे फोटो काढून घेतात. मग सोडत कसली?" मग तिने मामेबहिणीच्या, म्हणजे तिच्या ताईच्या, बायोडेटाचं सांगितलं. स्टुडिओत जाऊन काढलेले, रंग उजळ करून घेतलेले फोटो. नकार आला की मामी दोन-दोन दिवस त्या ताईशी धड बोलत नाही. हे तिने रात्री ताईच्या शेजारी झोपून ऐकलेलं होतं.

म्हणजे हा राग पुस्तकातून आलेला नव्हता. तो घरातच साठला होता, पुस्तकाने त्याला बोलतं केलं. बारा-तेरा वर्षांनंतर मुलांना नियमांमागचं ‘का’ दिसायला लागतं, ‘हे बरोबर आहे का’ हा प्रश्न टोचायला लागतो. हे वाढीचं लक्षण आहे, बिघडल्याचं नाही, हे मी ताईंना स्पष्ट सांगितलं.

पण मुलीलाही मी सोडलं नाही. याच मालिकेच्या दुसऱ्या भागात नायिका टीव्हीवर, सगळ्यांदेखत, जाती मोडून टाकाव्यात असा प्रस्ताव मांडते. मी विचारलं, "पुढे काय झालं?"

"राजा भडकला. तिला घरी पाठवायला निघाला."

"बोलायच्या आधी तिने कुणाला विश्वासात घेतलं होतं?"

"नाही."

"आणि तू ताईला विचारलं होतंस?"

ती रडायला लागली. तिचा प्रश्न योग्यच होता, पण त्याची किंमत ताईला मोजावी लागली, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. पाहुण्यांची माफी मागायला लावू नका, असं मी घरच्यांना सांगितलं. ताईशी मात्र तिने स्वतः जाऊन बोलावं, असं आमचं ठरलं.

अशा वेळी झोप, जेवण, मैत्रिणी, अभ्यास यांची चौकशी मी करतेच. मूल तुटक राहत असेल, खाणं टाळत असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर पुस्तकांचा वाद बाजूला ठेवून लगेच मदत घ्यावी. इथे तसं काही नव्हतं. पण बोलता बोलता कळलं, की तिने खो-खो सोडलाय. शाळेच्या संघात होती. का सोडलास? "आजी म्हणते, उन्हात काळी पडशील, मग कोण पसंत करणार?"

हे ताईंना माहीत होतं. अभ्यासाला वेळ मिळतोय म्हणून त्यांना उलट बरंच वाटलं होतं. मला मात्र पोह्यांच्या बशीपेक्षा याची जास्त काळजी वाटली. मुलगी उलट बोलली की घर खडबडून जागं होतं. तीच मुलगी पसंत पडण्यासाठी आवडता खेळ सोडते, तेव्हा कुणीच तिला समुपदेशकाकडे आणत नाही. त्या 35 जणींपैकी एक होण्याची तयारी तिने चौदाव्या वर्षीच सुरू केली होती, आणि ज्या पुस्तकावर सगळ्यांचा राग, तेच तिला त्याविरुद्ध बोलायचं बळ देत होतं.

पुस्तकं परत द्या आणि पहिला भाग तुम्हीही वाचा, असं मी ताईंना सुचवलं. इंग्रजी वाचनाची सवय सुटलेली, तरी रोज थोडं थोडं करून त्यांनी तो संपवला. नायिकेला अर्जच भरायचा नसतो, तेव्हा तिची आई सौदा करते: अर्ज भर, तुझ्या कमाईतला अर्धा हिस्सा तुझ्याकडे ठेव. पुढच्या भेटीत ताई म्हणाल्या, "ती आई वाईट नाहीये हो. घरात पैसा नाही, मुलीचं भलं व्हावं असं वाटतं तिला. मीपण हेच केलं असतं." मुलीला हे अजिबात पटलं नाही. माझ्यासमोरच दोघींची चांगली जुंपली, आणि मी ती थांबवली नाही.

मामेबहिणीने तिला माफ केलं. पुढच्या स्थळाला फोटो पाठवायचा तर साधा, फोनवर काढलेला, असं तिने मामा-मामींना सांगितलंय. मामी अजून घुश्शात आहेत. मुलगी शाळा सुटल्यावर खो-खोच्या सरावाला थांबते, आणि त्यावरून आजीशी रोज वाद होतो. हल्ली त्या वादात ताई लेकीच्या बाजूने बोलतात.